कूलरच्या टाकीतलं अनुबियास

आमच्या गल्लीच्या टोकाले एक चाचा राहतात. कूलर दुरुस्त करतात, अन् बाकीच्या वेळात मासे पाळतात. हिवाळ्यात त्यायनं मले माशांच्या पेटीत लावाले अनुबियास नावाच्या पाण्यातल्या झाडाचा बोटाएवढा कंद देला. वर तीन पानं.

"बेटा, हळद नको समजू याले. रेतीत गाडला का सडला. धाग्यानं गोट्याले बांध, मुळ्या आपल्या आपण धरते."

मी बांधला. आमचे बाबा वलगावच्या शेतीतले. पेटीत डोकावले अन् म्हणे, "हे झाड हाये का बकरी?"

मूळ झाड चाचीनं लावलेलं. चाची जाऊन चार वर्षं झाली. एप्रिलात चाचा कामानं परतवाड्याले गेले अन् मागं त्यायची पेटी फुटली. वापस आले तं झाड पार वाळून गेलेलं.

"आता तुझ्याजवळचाच उरला," ते मले म्हणाले. "सांभाळ. बरसातीत अर्धा कापून दे."

मे महिन्यात आमच्या पेटीतल्या पाण्यात नुसती चहापत्ती टाकाची बाकी होती. पानांच्या कडा पिवळ्या पडाले लागल्या. अख्ख्या घरात थंड पाणी एकाच जागी, कूलरच्या टाकीत. तिथं अंधार, पण या झाडाले उजेड कमीच लागते. गोट्यासकट तिकडं हलवलं. आठ दिवसांत चौथं पान निघालं. मी लय खुश.

मंग ताईले पाहाले अकोल्याचे पाहुणे आले. मी चहा घेऊन बैठकीत गेली, तं वाळ्याचा वास असा का डोकं भणभणलं. बाबा पाहुण्यायले कौतुकानं सांगून रायले होते, "कूलरमंदी अत्तर टाकलं. अख्खी शिशी."

झाड त्याच पाण्यात. ट्रे ठेवला, मागच्या अंगणात गेली, कूलरचं बटन बंद केलं, मागची गवताची ताटी काढली.

आतून बाबा ओरडले, "कोन हाये तिकडं?"

मले नकलांची खोड. तोंडातून सरळ चाचाच निघाले, "मैं हूँ भाऊ! पंप देखून रायलो!"

"आत्ता? पाहुने बसले ना, चाचा!"

"बस, दो मिनट, भाऊ!"

"बरं मंग, चहा तरी घेऊन जा. आत या."

आता चाचा कुठून आणू? गोटा उचलून निसटणार, तेवढ्यात बाबाच कप घेऊन दारात. माह्या हातात पाणी गळणारा गोटा. बाबांनी मले पाहिलं, गोट्याले पाहिलं, अन् चहा स्वतःच पिऊन टाकला.

"कूलर चालू कर," येवढंच म्हणाले.

ताई पसंत पडली. अनुबियासची पानं मात्र चार दिवसांत एकेक करून गळली. पेटीत उरला बोडखा कंद.

तो घेऊन मी चाचांकडे गेली. रस्त्यानं मांजराची एक गोष्ट रचली होती, पण त्यायच्या समोर ते जमलं नाही. सगळं खरं सांगतलं, नकलेसकट. चाचा हसले नाही, रागावले नाही. नखानं कंदाची दोन्ही टोकं दाबून पाहिली.

"कडक हाये. नरम असता तं गेला असता."

ब्लेडनं मधातून कापला. एक तुकडा मले देला, एक स्वतः बांधला.

माह्या तुकडा पंधरा दिवसांत लिबलिबीत झाला. फेकला. चाचांचं घर टाळून दुसऱ्या गल्लीतून जाऊन रायली होती, तं त्यायचाच फोन, "आ जा. कोंब निकला."

गेली. त्यायनं काचेवर टॉर्च धरला. कंदाच्या अंगाले खसखशीएवढा हिरवा ठिपका.

"दिसला?"

"दिसला."

"नीट पाह्य."

"दिसला ना, चाचा."

"तुझा?"

"सडला."

"ठीक हाये," चाचा म्हणाले. "ये वाला तो है."