आठ नसलेला आकडा

महिना झाला. तिच्या शेवटच्या दुपारी आम्ही दोघं अंगणात भिजवलेले वाल सोलत बसलेलो, मी आणि माझी बायको चांगुणा. मिठागरातला गंगाराम एका पाव्हण्याला घेऊन आला. "नाना, तुमचा तो आकडा दाखवा की यांना." मी पाटी घेतली, १२३४५६७९ लिहिलं. पाव्हण्याला म्हटलं, आवडीचा अंक सांगा. तो म्हणाला, पाच. पाच नवे पंचेचाळीस. पंचेचाळीसने गुणलं आणि पाटीवर ओळीने नऊ पाच उभे राहिले. पाव्हणा खूश. चांगुणा मान खाली घालून वाल सोलत होती. ते गेल्यावर म्हणाली, "आज हातचे चुकले नाहीत तुमचे." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरून आली, ओट्यावर टेकली... ती उठलीच नाही.

आता खरं लिहितो. आकडा माझा नव्हता.

स्वराज्य आल्यावर आमच्या कोलशेतला मोठ्या माणसांसाठी लिहिण्यावाचण्याचा वर्ग निघालेला. कंदिलाभोवती दहा-बारा जण, त्यात मी दुसरी शिकलेला म्हणून शहाणा. मास्तरांनी एक ते नऊ लिहायला सांगितलं, तर चांगुणा आठ विसरली. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. "अगं, आठ काय खाडीत पडला?" ती परत वर्गाला गेली नाही. पण पाटी सोडली नाही. नवाचा पाढा पक्का व्हावा म्हणून तोच चुकलेला आकडा घेऊन गुणत बसायची. एकदा मीठ ओढून घरी आलो तर दारातच धरलं मला. "अहो, नवाने गुणलं तर नुसते एकच येतात. नऊ एक!" मी म्हटलं, चुकली असशील. तीनदा करून पाहिलं. चुकत मीच होतो.

मग आमच्या संध्याकाळी त्यातच जायला लागल्या. काय दिवस होते ते... तव्यावर भाकरी, आणि ही राखेत बोटाने आकडे काढतेय. दोनाने गुणा, सात गायब. चाराने गुणा, पाच गायब. "गुणायचा अंक आणि हरवलेला अंक मिळवा बघू," म्हणायची, "नऊ होतात की नाही?" तीन आणि सहा मात्र ऐकत नसत. तिनाने गुणलं की सदतीस, शून्य, सदतीस, असंच काहीतरी यायचं. त्यावर चिडायची, "हे दोघं तुमच्यासारखे. सरळ वागायचेच नाहीत."

मिठागरात मी तो आकडा दाखवला. लोक म्हणाले, नाना, डोकं आहे हं तुम्हाला. मी गप्प राहिलो. बायकोचं डोकं म्हटलं असतं तर हसले असते, मी हसलो तसे. वर्षानुवर्षं गप्प राहिलो. तिला सगळं माहीत होतं. कधी बोलली नाही.

अग्नी देऊन आलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी मिठागरातली माणसं अंगणात येऊन बसली. मी कोळशाने भिंतीवर आकडा लिहिला. म्हटलं, "हा चांगुणाचा. मी चोरला."

मग गंगाराम म्हणाला, "नाना, वहिनी असताना का नाही सांगितलंत?"

मी कोळसा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "दोनाने गुण."