गोष्टीतलं झाड

आष्ट्याच्या एसटी स्टँडवर कँटीनच्या बाकावर बसून मी रथाची गोष्ट रंगवून सांगत होतो, तेवढ्यात साताऱ्याच्या गाडीतून उतरलेल्या पुतण्याने मला बाजूला घेतलं. "काका, वसंत मास्तर गेले." मागे बाकावरची माणसं अजून हसत होती. वसंतालाच हसत होती...

वसंता माझा लहानपणापासूनचा दोस्त. आमच्याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरची पहिली जत्रा. आमच्या रथाला दोन दोर असतात. पुढचा ओढायला, आणि मागचा ओढ्याच्या उतारावर रथ पळू नये म्हणून धरून ठेवायला. मागचा दोर त्या वर्षी माझ्याकडे होता. पण मागच्या दोराकडे कुत्रं बघत नाही. सगळ्यांच्या नजरा पुढं. म्हणून मी देवळामागच्या लिंबाला दोराचे दोन वेढे दिले, गाठ मारली आणि पुढं जाऊन लेझीम खेळायला लागलो. गाठीचं अर्थातच विसरलो.

अख्खं गाव ओढतंय आणि रथ जागचा हलेना. मग कुणाला तरी आठवलं, मास्तरांनी परवाच वर्गात सांगितलं होतं की रथ देव हलवत नाही, माणसं हलवतात. झालं. म्हातारे आबा म्हणाले, "रुसला न्हवं देव? आवं मास्तर, आता तुमीच सांगा की तुमच्या पोरास्नी, कसा हलतुया त्यो."

वसंता वाद घालत बसला नाही. "एवढ्या जोरानं ओढूनही हलत नाही, म्हणजे तेवढ्याच जोरानं कुणीतरी मागं ओढतंय," असं स्वतःशीच पुटपुटत तो रथाच्या मागं गेला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पळत गेलो. दोर तारेसारखा ताठ, लिंबाची साल सोललेली. वसंताने माझ्याकडं पाहिलं. "गड्या, आज गाव तुलाबी असंच सोलंल." मग पुढच्या माणसांना "जरा दम घ्या रं" असं ओरडून सांगितलं, दोर सैल पडल्याबरोबर गाठ सोडवली, आणि रथापुढं जाऊन नारळ फोडला. हात जोडले. "चुकलं माझं."

रथ हलला.

मी वाचलो, वसंता अडकला. त्यानंतर तो बलाचा धडा काढायला लागला की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "गुर्जी, नारळ आणू का?" वर्ग फुटायचा. शेवटी त्याने बदली मागून सातारा गाठला. आणि मी? मी ती गोष्ट लग्नाच्या पंगतीपासून चावडीपर्यंत सांगत सुटलो. माझ्या गोष्टीत विज्ञानाचा मास्तर देवाची माफी मागायचा आणि रथ पळत सुटायचा. झाड कुठं नसायचंच.

शेवटचं भेटलो ते साताऱ्याला, त्याच्या खोलीत. अंथरुणावरच होता. म्हणाला, "ती गोष्ट तू सांग, लोक हसूदेत. पण झाड का गाळतोस रं? झाडाशिवाय उदाहरणच चुकतंय."

मला वाटलं होतं, शिव्या देईल. त्याला चिंता उदाहरणाची. "फुडच्या वेळेला घालतो," मी म्हणालो. आणि फुडची वेळ म्हणजे आष्ट्याचा तो बाक. तिथंही झाड घातलं नव्हतं... लोक हसत होते, मधेच कशाला थांबायचं म्हणून.

परवा साताऱ्याला जाऊन आलो. खिळ्याला त्याचे दोन स्प्रिंगचे ताणकाटे लटकत होते, वर्गात एकमेकांत अडकवून दाखवायचा ते. त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, मी सगळं सांगितलं, लिंबासकट. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. काटे काढून आणले, एकात एक अडकवले, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. "हे घरी मला असंच धरायला लावायचे," म्हणाल्या. दोघांनी ओढलं. दोन्हीकडं काटा सारखाच. कुणीच जागचं हललं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "सोडू का आता?"

मला हो म्हणता येईना.