मिलिंदचा लांबणारा सूर

"वाढवा काकू, अजून वाढवा," मिलिंद म्हणत होता, आणि इकडे माझ्या स्क्रीनवरचा मीटर लाल झाला होता.

मीटर म्हणजे आवाज किती मोठा आहे ते दाखवणारी पट्टी. हिरवी असेतोवर ठीक. लाल झाली की आवाज फाटतो. माझ्या दाढा शिवशिवायला लागल्या होत्या आणि हा गडी म्हणतो, वरचा सूर येतच नाही.

जरा आधीपासून सांगते. पांढरकवड्याला आमचा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा. आमचे हे गेले, मशिनी राहिल्या, चालवणारं कोणी नव्हतं, म्हणून मी शिकले. कोर्स नाही, क्लास नाही. बोटं भाजत सोल्डरिंग शिकले, मग म्हातारपणी लॅपटॉप. आता मागच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून स्टुडिओ केलाय. आजूबाजूचे गाणारे-वाजवणारे येतात, चहा पितात, रेकॉर्डिंग करून जातात.

आता फीडबॅक. तुम्ही सगळ्यांनी तो ऐकलेला आहे. लग्नात कोणी माईक घेऊन स्पीकरपुढे गेला की कुईऽऽ होतं ना, तोच. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, माईकचा पुन्हा स्पीकरमध्ये, असा गोल फिरत वाढत जातो. माझा उभा जन्म ती कुई मारण्यात गेला. पण इलेक्ट्रिक गिटारवाले ती मुद्दाम आणतात. अॅम्प, म्हणजे गिटारचा स्पीकर, भरपूर मोठा करून त्याच्यापुढे उभं राहायचं. त्या आवाजाने तार पुन्हा थरथरते. सूर विझत नाही, उलट हळूहळू वरच्या सुरात चढतो आणि लांबत राहतो. जरा पुढे-मागे सरकलं की बदलतो. हाताळायला मोठा अवघड.

मिलिंद मारेगावकडचा. वसंतभाऊंच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. जयंतीच्या कार्यक्रमात त्यांचं शेवटचं गाणं मिलिंदच्याच चालीचं. गाणारा थांबतो, ढोलकी थांबते, आणि गिटारचा तो एकच सूर मैदानावर उभा राहतो. तो विझेपर्यंत कोणी खाली बसत नाही. बाया लेकरं कडेवर घेऊन उभ्या असतात.

त्या सुरासाठी मिलिंद वर्षानुवर्षं अॅम्पला चिकटून उभा राहिला, मागे स्पीकरची भिंत. कानात रातकिडे ओरडायला लागले, ते थांबेचनात. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं, "उरलंय ते सांभाळा. मोठा आवाज बंद." आणि वसंतभाऊ म्हणाले, "तो सूर नसंन तं गिटार कायले पायजे? कीबोर्डवर भागवतो मी."

म्हणून मिलिंद बायकोला, सुजाताला, घेऊन माझ्याकडे आला. "काकू, अॅम्प नाही लावायचा. कॉम्प्युटरमध्ये तो सूर बनते का? बनला तं माही जागा राह्यते."

बनतो. गिटारची केबल सरळ लॅपटॉपला जोडायची. वाजलेला सूर पकडून धरून ठेवायचा, म्हणजे बोट उचललं तरी तो चालू राहतो. त्याच्यावर त्याच सुराचा वरचा सूर चढवायचा, एकदम नाही, दूध उतू येतं तसा. मग थोडा थरथराट, कारण खरा फीडबॅक कधी सरळ उभा राहत नाही. आणि पायाखाली एक पेडल. दाबलं की चढतो, सोडलं की उतरतो. खोलीत आवाज रेडिओएवढा.

बरेच दिवस खपलो आम्ही. पहिल्यांदा रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा निघाला. मिलिंद हसला, "बाप्पा, पेशंट कुठाय?" मग हळूहळू जमत आलं. पण वरचा सूर त्याला पुरेना. कानाला हेडफोन लावून तो 'वाढवा' म्हणायचा, मी वाढवायची. स्टेजवरची आमची रीतच आहे. कलाकाराने तळहात वर केला की ऑपरेटरने आवाज वाढवायचा. का म्हणून विचारायचं नसतं.

मीटर लाल झाला त्या दिवशी हेडफोन काढून स्पीकरवर ऐकायचं ठरवलं. सुजाता दारात शेंगा सोलत बसली होती. मिलिंदने तार छेडली, पेडल दाबलं. सूर चढला. मिलिंदचा तळहात वर. मी वाढवलं. पुन्हा तळहात वर. दारात सुजाताने शेंगा खाली टाकून दोन्ही कान दाबून धरले.

"काकू, बंद करा! डोक्यातून आरपार गेलं!"

मिलिंद तिच्याकडे बघत राहिला. "काहून वं? आतालोक तं चढलाच नाही."

मी स्पीकरचा आवाज एकदम खाली केला. मग मी म्हटलं, "मिलिंद, गिटार ठेव. डोळे मीट. मी साधे सूर लावते, खालून वर. आयकू आला की हात वर कर."

खालचे सूर झाले, हात वर. मधले झाले, हात वर, जरा उशिराने. मग वरचे लावले. हात मांडीवरच. पुढचा लावला, हात मांडीवरच. खोलीत सूर स्पष्ट वाजत होता. सुजाताने पदर तोंडात धरला.

मिलिंदने डोळे उघडले. "लावा ना काकू. थांबल्या काहून?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी बोलताना हा इतके दिवस माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी हाताने स्क्रीन दाखवली. पट्टी हिरवी उभी होती. त्याने ती पाहिली, स्पीकरवर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग म्हणाला, "सूर खाली आणा. जिथलोक मले आयकू येते तिथलोक."

आणला खाली. आता त्याला ऐकू आला. त्याने वाजवून पाहिलं आणि स्वतःच मान हलवली. "हे तं पेटीचा भाता झाला काकू. यासाठी कोण उभं राह्यते?"

खोटं काय सांगू? बरोबर होतं त्याचं.

दोन दिवसांनी वसंतभाऊ आले. मिलिंदही होता. मी त्याने वाजवलेला तो वरचाच सूर ऐकवला. भाऊ खुर्चीवरून उठलेच. "वा काकू! तोच! अगदी तोच!" मग जरा थांबून म्हणाले, "हे कीबोर्डवर बसते का? बटण दाबलं की झालं?"

बसतो. काही अवघड नाही. पण मी म्हटलं, "भाऊ, हा सूर याच्या बोटांचा आहे. याले इचारा."

भाऊंनी मिलिंदला मोठ्याने विचारलं. मिलिंदने त्यांच्या ओठांकडे बघून घेतलं. रागवेल असं मला वाटलं होतं.

"देऊन द्या काकू," तो म्हणाला. "मले आयकू येत नाही म्हणून गाणं अर्धं कायले ठेवता?"

केबल गुंडाळली, सुजाताला म्हणाला, "चाल." चहा ठेवला होता तो तसाच राहिला.

जयंतीला मिक्सरवर मीच होते. शेवटचं गाणं आलं. गाणारा थांबला, ढोलकी थांबली, कीबोर्डवाल्याने बटण दाबलं. सूर चढला, बरोबर चढला. लोक उभे राहिले, विझेपर्यंत उभे राहिले. कोणाला फरक कळला नाही. मिलिंद कुठाय, हे मला तरी कोणी विचारलं नाही.

मिलिंद आता हायवेवर टायरच्या दुकानात आहे. हवेची मशीन दिवसभर कानाशी फडफडते. बाजारात सुजाता भेटली तेव्हा मी म्हटलं, "कानात कापूस तरी घालत जा म्हणा त्याले."

"रोजच म्हणतो ना मी," ती म्हणाली. "ते म्हणते, आता कायले?"

कान सांभाळायचे आहेत, अॅम्पशिवाय वाजवायचं आहे, असं म्हणत कोणी आलं तर मी आता केबल जोडत नाही. आधी साधे सूर लावते, खालून वर, आणि हात वर करायला सांगते. थोड्या वेळाचं काम आहे. ते पहिल्याच दिवशी करायचं असतं.