कंपनीनं दिली तशी

पुंजाजी इंगोले तसे गरीब स्वभावाचे. चहा फुळकवणी मिळाला तरी मुकाट पितात. कार्यक्रमात कुणी त्यांची खुर्ची ओढून नेली, तर उभ्याने भाषण ऐकतात. पण त्यांच्या अंगणात येऊन कुणी म्हणावं, "काकाजी, जीपले जरा मोठे टायर टाका ना," की संपलं. त्या माणसाला चहा तर मिळत नाहीच, वर अर्धा तास ऐकून घ्यावं लागतं.

"ज्या इंजिनेरानं ही गाडी बनवली तो भैताड होता का? त्याले टायर मोजता येत नव्हता? आन् तू, दहावीले तीनदा बसलेला, तू त्याले शिकवून राह्यला?"

रिसोडपासून आठ-नऊ किलोमीटरवर डांबरी रस्ता सोडला आणि नाला ओलांडला की त्यांचं गाव लागतं. पुंजाजी एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. शेवटची दहा वर्षं त्यांनी हीच जीप चालवली. साहेबांना बंधारे दाखवायचे, पाझर तलाव दाखवायचे, आणि चिखलात साहेब जिथे उतरायला नाही म्हणत तिथे स्वतः उतरून काठीने पाणी मोजायचं. पुढे ते निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात जीपही लिलावात निघाली. खात्याने पुंजाजींना शाल दिली, जीपला भंगाराचा भाव दिला. पुंजाजींनी शाल ट्रंकेत टाकली आणि जीप घरी आणली. लिलाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "मले वाटलं, आता तरी घरी राहान." त्यांना काय माहीत, की नवरा आता घरीच राहणार होता, पण जीपच्या खाली.

जीपला हात लावायचा तो दुरुस्तीपुरता, हा त्यांचा नियम. दुरुस्ती म्हणजे औषध, आणि मॉडिफाय म्हणजे चांगलं नाक कापून दुसरं बसवणं, असं ते म्हणत. सीटचं रेक्झिन फाटलं तेव्हा त्याच रंगाचा तुकडा शोधायला त्यांनी अकोल्याला तीन खेपा मारल्या. हॉर्न कंपनीचाच. तो वाजवला की म्हशी रस्त्यातून हलत नाहीत, फक्त वळून पाहतात. कंपनीची पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा कपाटात असतो. शेताचा सातबारा मात्र दर वेळी शोधावा लागतो. मागच्या, खाली पडणाऱ्या पल्ल्यावर लिहिलेलं सरकारी नाव त्यांनी रंग देऊन झाकलं होतं, पण ऊन तिरपं पडलं की अक्षरं खालून डोकावतात. एक-दोन ग्रामसेवक ती पाहून उगाच उभे राहिले आहेत.

आणि खरं सांगायचं तर माणसाचा हट्ट खोटा नव्हता. तांड्यावरच्या अमरसिंगचा मुलगा अमरदीप. त्याच्याकडेही जीप आहे. तिला त्याने ट्रॅक्टरला शोभतील असे टायर लावले, टपावर बारा दिवे लावले, गाडी फूटभर उचलून घेतली. एका पावसाळ्यात हा पठ्ठ्या नाल्यात शिरला आणि मधोमध स्टिअरिंग फिरवलं, तर टायर मडगार्डाला जाऊन टेकले. गाडी वळेना. ती सरळ गेली ती चिखलाच्या डोहातच. पुंजाजींनी आपल्या बारीक टायरच्या जीपने, चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा मागे ओढून, दोरखंडाने त्याला बाहेर काढलं. त्या वेळी ते फक्त एवढंच बोलले, "वळत नाही का बाप्पा?" बाकीचं ते पुढे महिनाभर गावात सांगत फिरले. त्यांची जीप नाल्यात आजवर एकदाही अडलेली नाही, हे वाक्य त्यात दर वेळी असायचंच.

इथपर्यंत सगळं छान होतं. बिघडलं ते लिलाबाईंच्या गुडघ्यांमुळे.

लिलाबाई लग्नानंतर पुष्कळ वर्षं सायकलच्या कॅरिअरवर बसल्या. जीप घरी आली तेव्हापासून त्या पुढे, डाव्या सीटवर बसू लागल्या. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी, आणि रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक बाईला हात. साहेबाची जागा होती ती. मग गुडघे धरले. जीप उंच, पाय ठेवायला खाली काही नाही. पुंजाजींनी आधी लाकडी स्टूल ठेवून पाहिला. तो चिखलात कलला आणि लिलाबाई बसल्या त्या थेट अंगणात. त्या दिवसापासून हलणाऱ्या कुठल्याच वस्तूवर पाय ठेवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. लेक रत्नमाला म्हणाली, "बाबा, फुटस्टेप लावून घ्या ना. लोखंडी पट्टी लावतेत, बस."

"कंपनीनं देली का?"

"नाही देली, म्हणून तं लावाची."

"मंग कंपनीनं काहीतरी इचार केला असन ना!"

पुंजाजींनी दुसरा मार्ग काढला. घराचा ओटा बरोबर जीपच्या उंचीचा निघाला. जीप उलटी घ्यायची, पल्ला खाली पाडून ओट्याला टेकवायचा, की लिलाबाई पुलावरून चालल्यासारख्या आत. आत मागचा बाक होता, त्यावर त्या आडव्या बसत. उतरायचं तिथेही तसाच ओटा लागे. म्हणजे गेली दोन वर्षं लिलाबाईंचे नातेसंबंध रक्तावर नाही, ओट्याच्या उंचीवर ठरत होते. ज्यांचा ओटा अडीच फूट, त्यांच्याकडे बारसं, वास्तू, अगदी साधा चहासुद्धा होई. बुटक्या ओट्याची सख्खी बहीण मात्र परकी झाली. पुंजाजींना यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. उलट पंचक्रोशीतल्या ओट्यांची मापं तोंडपाठ झाल्याचा त्यांना अभिमानच होता.

अशात अनसिंगला रत्नमालाच्या धाकट्या मुलीचं नामकरण निघालं. दिवस सप्टेंबरचे, नाल्यात गुडघाभर चिखल. ऑटोवाले येईनात. जीपशिवाय जायची सोय नव्हती. लिलाबाईंनी नातीसाठी झबली शिवली होती, पांढरं पातळ इस्त्री करून ठेवलं होतं. सकाळी त्या पल्ल्यावरून आत गेल्या, जीपने नाला असा पार केला की झबल्यांची घडीही मोडली नाही, आणि दोघं अनसिंगला पोचली.

तिथे घोळ झाला. जावयाने घर नव्या पद्धतीचं बांधलेलं. ओटाच नाही, फरशी थेट रस्त्याला भिडलेली. रत्नमाला प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावली. लिलाबाईंनी खुर्चीकडे पाहिलं आणि मान हलवली. मग पुंजाजींनी ओट्याच्या शोधात गावात फेरी मारली. ग्रामपंचायतीचा ओटा फार उंच. किराणा दुकानाच्या ओट्यावर पोती. जनावरांच्या दवाखान्यापुढे गाई-बैल चढवायचा सिमेंटचा उतार होता. तिथे पुंजाजींनी ब्रेक दाबला आणि मागे वळून पाहिलं.

"खबरदार," लिलाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या फेरीला पुंजाजींना मंडप दिसला. जावयाच्याच घराशेजारी मोकळ्या जागेत नामकरणाचा मंडप घातलेला, समोर लाकडी स्टेज; ओट्यांच्या नादात तो आधी दिसलाच नव्हता. उंची अडीच फूट, नजरेनेच मोजली. त्यांना इतका आनंद झाला की स्टेजपुढे दोनशे माणसं बसलेली आहेत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. आलं असेल तरी त्यांनी ते मोजमापात धरलं नाही. म्हशींना न हलवणारा तो हॉर्न वाजवत त्यांनी जीप उलटी घेतली. बाया सतरंज्या ओढत बाजूला झाल्या. माइकवाल्याला पल्ल्यावरची डोकावणारी अक्षरं दिसली आणि तो ओरडला, "तहसीलातून साहेब आलेले आहेत, सर्वांनी उभं राहून त्याइचं स्वागत करावं!"

दोनशे माणसं उभी राहिली. कुणी तरी हार घेऊन धावलं. पल्ला धाडकन स्टेजवर पडला आणि आतून, पिशवी छातीशी धरून, लिलाबाई बाहेर आल्या. हारवाल्याला थांबता आलं नाही. त्याने तो त्यांच्याच गळ्यात घातला. तेवढ्यात मागून कुणी तरी बोललं, "अरे, माल उतरला रे!"

मंडप हसला. पुंजाजीही हसले. इथे त्यांचं चुकलं.

लिलाबाईंनी हार काढून खुर्चीवर ठेवला, बुद्धवंदनेला बसल्या, नातीला मांडीवर घेतलं, झबलं घातलं, सगळ्यांशी हसून बोलल्या. चार वाजता पुंजाजींनी जीप पुन्हा स्टेजला लावली आणि पल्ला पाडून हाक मारली. लिलाबाई लेकीच्या दारात उभ्या राहिल्या.

"मी नाही येत."

"काहून?"

"मी काय सोयाबीनचं पोतं हाये का? मागून चढवाचं न मागून उतरवाचं! दोन वर्षं झाले, तुमची पाठ पाह्यत फिरून राह्यली मी. मले पुढं बसाचं हाये. पाय ठेवाले जागा करा, मंग न्याले या."

"आवो, पन कंपनीनं..."

"मंग कंपनीलेच भाकरी टाकाले सांगा," लिलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुंजाजी एकटे परत आले. दोन दिवसांत राग उतरेल, असा त्यांचा हिशेब होता. दोन दिवसांनी त्यांनी फोन केला तर रत्नमाला म्हणाली, माय झोपली आहे. सकाळचे दहा वाजले होते. लिलाबाई आयुष्यात कधी सकाळी दहाला झोपल्या नव्हत्या. चौथ्या दिवशी त्यांनी खिचडी लावली, ती करपली. पाचव्या दिवशी जीप धुतली. सहाव्या दिवशीही जीपच धुतली. घरात बोलायला कुणी नव्हतं आणि जीप उत्तर देत नव्हती. घर खायला उठलं होतं, आणि ते कबूल करायला त्यांना आठवडा लागला.

आठव्या दिवशी अमरदीप आला. मंडपातला व्हिडिओ त्याच्या फोनपर्यंत पोचलेला होता, त्यामुळे तो चिडवणार हे ठरलेलंच. पुंजाजी सगळी उत्तरं तयार ठेवून बसले होते. इंजिनेर, दहावी, नाला, सगळी. पण पोराने चिडवलंच नाही.

"काकाजी," तो म्हणाला, "मायी गाडी तुमी भंगार म्हना, चालते. पन दोन्हीकडून पायऱ्या लावल्या म्या. मायी माय पुढंच बसते."

तयार ठेवलेल्या उत्तरांपैकी याला लागू पडेल असं एकही नव्हतं. त्याच्या मायला, भुरीबाईला, त्यांनी पाहिलं होतं ना! त्या उंच भूतासारख्या गाडीत, खिडकीतून हात बाहेर काढून, बाजाराला निघालेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजी रिसोडला भाऊसिंग वेल्डरच्या दुकानी उभे राहिले. भाऊसिंगने आधी जीपकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. या माणसाने दुकानापुढून जाताना वेल्डिंगची ठिणगी उडेल म्हणून गाडी पलीकडच्या बाजूने नेलेली त्याने पाहिली होती.

"पायरी लावाची," पुंजाजी म्हणाले. "डाव्या बाजूनं. एकाच."

"चेसिसले भोक पाडा लागन, भाऊ."

पुंजाजींनी तोंड दुसरीकडे फिरवलं. "पाड."

"किती खाली लावू?"

"लाव ना, जशी लावतेत तशी."

"तसं नाही चालत. बाईचा पाय किती उचलते, त्याच्यावर असते ते. तरन्या बाईची येगळी, बुढीची येगळी. किती उचलते?"

पुढच्या टायरमध्ये हवा किती, मागच्यात किती, ते पुंजाजींना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. जीप जमिनीपासून किती इंच, पाणी किती फुटांपर्यंत चालतं, अनसिंगच्या पंचायतीचा ओटा किती, सगळं पाठ. हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फोन लावला.

"रत्ना, तुया मायले इचार, पाय किती उचलते?"

पलीकडे आधी कुजबुज, मग हसण्याचा आवाज, मग ब्लाऊज मापायची टेप शोधण्याची धावपळ. लिलाबाईंना भिंतीपाशी उभं केलं गेलं असावं. "आनखी उचल, आनखी," असं रत्नमाला म्हणत होती. मग ती म्हणाली, "बाबा, नऊ इंच."

"नऊ? नीट मोज."

"नीटच मोजलं. त्याच्यावर नेला का भिंत धरते."

"केव्हापासून?"

या वेळी उत्तर रत्नमालाने दिलं नाही. लिलाबाईंचा आवाज आला, थोडा दुरून, रागही नसलेला. "दोन वर्षं होऊन गेले. आज इचारून राह्यले तुमी."

पुंजाजींनी फोन ठेवला. भाऊसिंगने जमिनीपासून नऊ इंचांवर खडूची रेघ ओढली, तिच्यावर नऊ इंचांनी दुसरी ओढली आणि उकिडवा बसून दोन्हींकडे पाहत राहिला.

"भाऊ, दोन पायऱ्या लागतेत. आन् खालची लयच खाली येते. नाल्यात गोट्याले घासन. तुमची गाडी अडन ना."

"अडू दे," पुंजाजी म्हणाले. "तू लाव."