नकाशावरचा लाल ठिपका

हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही मला नीट कळत नाही.

मी उदगीरला शाळेत शिकवते. त्या उन्हाळ्यात नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नसायचं, आणि गावातल्या काही जणांनी मोबाइलवर पाण्याचा नकाशा सुरू केला होता. आपल्या गल्लीत पाणी असेल तर हिरवा ठिपका लावायचा, नसेल तर लाल. कुणीही लावावा, कुणीही बघावा.

खरं सांगू? सकाळी तो नकाशा उघडला की माझा श्वास अडायचा. सगळं उदगीर तळहातावर — आणि एकेक ठिपका हिरवा होत जायचा. किल्ल्याकडचं कुणीतरी लिहायचं, 'आमच्या बोअरची धार बारीक हाय, पण या.' कोण ही माणसं? स्वतःच्या घागरी भरायच्या आधी परक्यांना बोलावणारी? वर्गात मध्येच आठवायचं आणि अंगावर काटा यायचा.

आणि तरीही — आमच्या गल्लीतल्या हापशाचा ठिपका मी लाल केला.

हापसा चांगला चालू होता. पण बाहेरची माणसं येऊ लागली, रांग वाढली, मला शाळेला उशीर व्हायला लागला — एवढंच कारण. 'बंद आहे' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी रांग नव्हती. गल्लीतल्या कुणीच तो ठिपका बदलला नाही.

एवढंच असतं तर मी विसरलेही असते कदाचित. पण रुळांपलीकडच्या सुलाबाई — तेव्हा नावही माहीत नव्हतं — दोन घागरी घेऊन आमच्या दारावरून स्टेशनाकडच्या हापशाला जायच्या. एकदा फाटकाशी थांबून त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्यो हापसा बंदच हाय का वो?"

मी — "हाव," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात स्टेशनाच्या उतारावर त्या घागरींसकट पडल्या. हात मोडला. शाळेतल्या मावशींकडून मला कळलं. तेव्हा तरी ठिपका हिरवा करायचा ना? नाही केला. एकदम बदलला तर कुणाला तरी संशय येईल, असं वाटलं.

मग आमचा हापसा खरोखरच आटला. मी नकाशा उघडला. सगळ्यात जवळचा हिरवा ठिपका रुळांपलीकडे, टँकरनं नुकत्याच भरलेल्या टाकीचा होता — 'टाकीत पाणी हाय. कुणीबी या.' गेले. टाकीपाशी सुलाबाईच होत्या, उजवा हात गळ्यात बांधलेला. त्यांनी मला ओळखलं. रांगेतल्या बायकांना म्हणाल्या, "मॅडमला आधी भरू द्या गं. ह्यांचा हापसा कवापासून बंद हाय, म्या रोज नकाशात बघायलेय. लई हाल झाले आसतील."

बायका बाजूला झाल्या. अनोळखी बायका — आपापल्या घागरी मागे ओढत. सुलाबाईंनी डाव्या हातानं माझी घागर नळाखाली सरकवली.

मी तोंड उघडलं होतं. पण घागर भरत होती, आणि मी — भरू दिली. दुसरीही. ते पाणी घरी आणलं, प्यायले.

सुलाबाई अजून तिथंच राहतात. बाजारात दिसल्या की लांबूनच हात वर करतात. डावा. उजवा त्यांना अजून नीट उचलता येत नाही.