तिसऱ्या कॅसेटचा वाद

चार दिवसांपूर्वी नातीने रिमोटचे उतरलेले सेल उन्हात तापत ठेवले आणि मला खोडाळ्याच्या बाजारातील ती दुपार आठवली. जव्हारचा घड्याळजी युसुफ आणि मी माझ्या टेपवर एका परदेशी हेवी मेटल बँडची तिसरी कॅसेट ऐकत होतो. पहिल्या दोन कॅसेटींत उधळणारे गिटार आता संथ, जड पावलांनी चालले होते.

"बँड परिपक्व झाला," मी निर्णय दिला.

"परिपक्व कसला, बाबा? सेल उतरलेत तुझे, म्हणून टेप रेंगाळतेय. पत्र्यावरचे तापलेले दे इकडे!"

मी टेपचे झाकण तळहाताने दाबून धरले. सेल बदलू दिले नाहीत. तिसऱ्या कॅसेटमध्ये बँड हलका झाला, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाशी मी पुढे आयुष्यभर भांडलो.

चार दिवसांपूर्वी, सेल तापवले त्याच संध्याकाळी, नातीने त्या तिसऱ्या कॅसेटची गाणी मोबाइलवर लावली. ती हलकी होती, चपळ होती.

तेव्हापासून जव्हारच्या एसटीसाठी मी दोनदा थांब्यावर गेलो आणि परतलो. युसुफ हसेल, ते सोसेन. पण तो वादच विसरला असेल, तर मी हार कबूल करायची कोणापाशी?