पडवीतले चार दिवस

आमच्या गावात बाईला सुट्टी दोनदाच मिळते. एकदा बाळंतपणात आणि एकदा मेल्यावर. भावनाने तिसरी शोधून काढली होती. ती तिच्याकडून कशी काढून घेतली, आणि तीही टाळ्या वाजवत, हे सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

मी किशोरी, गाव मला काकू म्हणतं. मांडवा-अलिबाग रस्त्यावरून आत वळलं की भाताच्या खाचरांपलीकडे आमचं गाव लागतं, आणि तिथे भावनाच्या घरासमोरच माझं शिवणाचं दुकान आहे. मशीन खिडकीशी ठेवलेलं, त्यामुळे तिचं अंगण मला दिवसभर दिसतं. बघायचं नाही म्हटलं तरी दिसतं.

भावनाचा नवरा रितेश कारखान्यात कामाला आहे. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते, आणि त्याच्याबरोबर सगळं घर बदलतं. एका आठवड्यात डबा पहाटे, पुढच्यात दुपारी, त्याच्या पुढच्यात संध्याकाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसा झोपतो, तेव्हा घरात भांडं वाजता कामा नये. नळाला पाणी एक दिवसाआड येतं. सासू चंदाबाईंचा सोमवार आणि गुरुवार उपासाचा, म्हणजे त्यांची भगर वेगळी आणि बाकीच्यांचं जेवण वेगळं. शुक्रवारी मुंबईकरांच्या बंगल्यांवर झाडलोट करायला जायचं, कारण संध्याकाळी ती मंडळी मांडव्याला बोटीतून उतरतात आणि त्यांना लादी चकचकीत लागते. रविवारी नणंद पोराबाळांसकट जेवायला. आवणी-कापणी आली की हे सगळं आहेच, शिवाय शेत.

हे सगळं भावना मनातल्या मनात बसवायची. पाणी येणार त्या दिवशी गोधड्या धुवायच्या, पण नवरा झोपलेला असेल तर त्या ओढ्यावर न्यायच्या. वाल शनिवारी भिजत घातले की मोड येऊन सोमवारी सोलायला होतात. कुठलं काम कुठे सरकवलं की दुसरं कुठे मावेल, हे तिला बसल्याजागी कळायचं. एवढी लवचिक बाई मी पाहिली नाही. आणि जी वाकते तिला लोक अजून वाकवून बघतात, हेही मी याच खिडकीतून पाहिलं.

लग्नाआधी ती बारावी झाली होती. लेक राही शाळेत जायला लागली तसं हिने मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला नाव घातलं. घरात कुणी नाही म्हटलं नाही. त्या घरात कुणी कशालाच नाही म्हणत नाही, तीच तर खरी पंचाईत. होता होता सगळे पेपर सुटले आणि अर्थशास्त्राचा एक राहिला. पहिल्यांदा ती पेपरची तारीख सांगून बसली, तर नेमकी त्याच दिवशी आवणीला माणसं बोलावली गेली. दुसऱ्यांदा सांगितली, तर नणंदेच्या मुलीचं केळवण निघालं. दोन्ही वेळा रितेश म्हणाला, "जा की, मी कधी अडवलंय?" आणि दोन्ही वेळा चंदाबाई म्हणाल्या, "जा गो बाय, मी करतंय कसंतरी," आणि गुडघ्यावर हात ठेवून अशा कण्हल्या की भावनाने पिशवी परत खुंटीला लावली. यंदा नोंदणीची मुदत संपत होती. हा पेपर गेला तर आधीचं सगळं रद्द, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता तिची सुट्टी सांगते. चंदाबाईंच्या घरी शिवाशीव अजून पाळायचे. कावळा शिवला की सुनेने मागच्या पडवीत बसायचं. चटई वेगळी, ताट-तांब्या वेगळा. चूल नाही, पाणी नाही, देवाकडे फिरकणं नाही. चुकून धक्का लागला तर ज्याला लागला त्याने अंघोळ करायची. या धाकाने पडवीकडे कुणी फिरकत नसे. रितेश हाक मारायचा नाही, शेजारपाजारची काम सांगायची नाहीत. बाकीच्या बायका या चार दिवसांना शिव्या घालतात, मीही घातल्यात. भावना मात्र पडवीत मांडी घालून अर्थशास्त्र वाचायची. चंदाबाईंनी एकदा दुरूनच विचारलं, "पोथी न्हाय ना गो ती?"

"न्हाय आई. मागणी आन् पुरवठा हाय."

"मग चालल," म्हणाल्या.

पुढे पुढे तर भावना दिवस हवे तसे पुढेमागे करायला लागली. अभ्यास तुंबला की कावळा लवकर शिवायचा. मी चेष्टेने म्हणायचे, "अगं, हा कावळा तुझ्या पगारावर आहे का?" ती ब्लाऊजचं हूक लावता लावता म्हणायची, "काकू, सगळ्यांचा आठवडा मीच बसवते ना? त्यात मला एवढी एकच जागा मोकळी दिसली." मला हसू यायचं.

या खेपेला तिने पेपरची तारीख कुणालाच सांगितली नाही. पेपर शनिवारी दुपारी, केंद्र अलिबागला. त्याच शनिवारी घरात सत्यनारायण होता. धाकटा दीर सनी नव्या मुंबईत असतो. त्याचं लग्न होऊन महिने झाले तरी जोडीने पूजेला बसायला रजा जमत नव्हती, ती आता जमली. मला आधी वाटलं, बाई पुन्हा अडकली. पण ती म्हणाली, "उलट बरं झालं. पूजेच्या दिवशी बाहेरच्या बाईला कुणी डोळ्यांसमोरसुद्धा येऊ देणार नाही. मागच्या दाराने गेले तरी कुणाला पत्ता लागायचा नाही." हॉल तिकीट आणि पेन माझ्या खणात लेसच्या रिळांखाली ठेवलं. सदूच्या रिक्षाला सांगून ठेवलं. असा पक्का बेत मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

गुरुवारी ती पडवीत बसली. चंदाबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "पूजा तोंडावर, आन् आता कावळा शिवला? गोळी घ्यायची न्हाय का गो? तारीख काय काल ठरली?"

"विसरले, आई," भावना म्हणाली. कुठल्या डब्यात किती मीठ उरलंय हे जिला तोंडपाठ, ती हे म्हणाली, आणि घरातल्या एकालाही शंका आली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सनी आणि रुचिका आले. ही रुचिका, धाकटी जाऊ, नेरूळची. पोरगी वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. ती मोबाइलवरून बायकांचे वर्ग घेते. नोकरी-घर सांभाळणाऱ्या बायकांनी आठवड्याचं नियोजन कसं करावं, स्वतःसाठी वेळ कसा काढावा, असलं शिकवते. मी तिचं पूजेचं ब्लाऊज द्यायला गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं.

रुचिका मागे हात धुवायला गेली आणि पडवीत भावनाला बघून किंचाळलीच. "ओ गॉड! ताई, तुम्ही इथे खाली बसल्यात? मम्मी, हे काय चालू आहे? आपण कुठल्या जमान्यात राहतो यार?" आणि तिने जाऊन सरळ भावनाचा हात धरला. रुचिका चांगलं बोलली, खोटं कशाला सांगू? विटाळ वगैरे काही नसतं, बाईचा हा अपमान आहे, आजपासून या घरात हे बंद. एरवी मीच पहिली टाळी वाजवली असती.

मला वाटलं, चंदाबाई आता आकाशपाताळ एक करतील. पण त्या बघत होत्या कोपऱ्यातल्या तांदळाच्या गोणीकडे, सोलायच्या वालांच्या ढिगाकडे, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. गावजेवण होतं आणि रांधायला त्या एकट्या. म्हणाल्या, "मला काय हौस हाय? सासूनं सांगितलं, मी पाळलं. दर महिन्याला या गुडघ्यांनी भाकऱ्या मीच थापतंय ना? तू शिकलेली, तू सांगतेस तर न्हाय पाळायचं. भावने, ऊठ. वाल सोलून घे."

सनीने टाळ्या वाजवल्या. रितेशनेही वाजवल्या. इतक्या वर्षांची रूढी एका मिनिटात मोडली, कारण वाल सोलायचे होते.

भावना उठली नाही. पहिल्यांदाच ती मोठ्याने बोलली. "मला उद्या पेपर हाय. शेवटचा. यंदा न्हाय दिला तर सगळंच गेलं."

"मग आधी नाही का सांगायचं?" रितेश म्हणाला. "मी कधी अडवलंय?"

मी म्हटलं, "रांधायला मी बाई बघून देते, हिला सोडा." तर चंदाबाई म्हणतात, "परक्या बाईच्या हातचा निवद? देवाला?" अर्ध्या तासापूर्वी सुनेची सावली चालत नव्हती, आणि आता देवाला तिच्याच हातचं हवं होतं. माझ्या तोंडावर आलेली शिवी मी कशी गिळली ते मलाच ठाऊक.

रुचिकाचे तर डोळे चमकले. "ताई, वॉव! टेन्शन नका घेऊ, हेच तर मी शिकवते. टाइम फ्लेक्सिबल ठेवायचा, बस." तिने रंगीत पेनं काढली आणि जमिनीवर बसून कागदावर चौकोन आखले. पहाटे स्वयंपाक, सकाळी लवकर पूजा, आरती, मग ताई फ्री. पेपर दुपारी. मध्ये चक्क हिरव्या रंगात उजळणीला वेळ. कागद दिसायला इतका सुंदर होता की सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटला. तो फ्रिजवर चिकटवला. भावना त्या कागदाकडे बघत राहिली आणि मग वाल सोलायला बसली.

शनिवारी पहाटेपासून तिच्या घरचा धूर मला दिसत होता. वालाचं बिरडं, भात, भाजी, प्रसादाचा शिरा. सगळं तिने वेळेत उरकलं. उशीर केला तो भटजींनी. त्यांना आधी कुणा मुंबईकराच्या बंगल्याची वास्तुशांत होती. ते आले तेव्हा रुचिकाचा हिरवा चौकोन उलटून गेला होता. कथा वाचायला बसले तर दर अध्यायाला नवीन पाहुणा, आणि दर पाहुण्याला चहा. चहा कुणी करायचा? रितेश दारात उभा राहून सगळ्यांना "या, या" म्हणत होता.

मी दोनदा जाऊन आले. "भावनाला जरा पाठवा, ब्लाऊजचं माप घ्यायचंय." चंदाबाईंनी माझ्या हातात चहाचा कप ठेवला. सदू रिक्षा काढून उभा.

आरती झाली. भावना पदराला हात पुसत मागच्या दाराकडे वळली, तोच रुचिकाने अडवलं. "ताई, फक्त दोन मिनिटं. तुम्ही आरती ओवाळताय, असा एक व्हिडिओ. पाळीच्या दिवशी घरची मोठी सून पूजा करते. हजारो बायकांना हिंमत मिळेल." तिला अंगणात उभं करून सनीने मोबाइल धरला. भावनाने ताट फिरवलं. उजेड बरोबर नव्हता, पुन्हा फिरवलं. मागून कुणाचं पोर आडवं गेलं, पुन्हा फिरवलं. "स्माइल, ताई," रुचिका म्हणाली. बाईने स्माइल केलं. मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते, आणि त्या घरातल्या देवासकट सगळ्यांना फटके द्यावेत असं मला वाटत होतं.

शेवटी ती धावतच आली. मी दुकान तसंच टाकून तिच्याबरोबर रिक्षात बसले. तिच्या बोटांना अजून तुपाचा वास येत होता. थळचा फाटा गेल्यावर म्हणाली, "काकू, मला पाळी आलेलीच नाही." आणि हसली. त्यानंतर अलिबाग येईपर्यंत अर्थशास्त्राची पुस्तिका मांडीवर उघडी होती आणि तिने पान उलटलं नाही.

केंद्राचं दार लागलं होतं. उशिराने सोडायची जी मुदत असते, तीही नुकतीच टळली होती. आतल्या बाई भल्या होत्या, त्यांनी दोनदा सॉरी म्हटलं. काचेच्या खिडकीतून बाकांवर वाकलेली डोकी दिसत होती. भावना भांडली नाही, रडली नाही. हॉल तिकिटाची घडी घालून तिने कमरेला खोचलं आणि म्हणाली, "चला काकू, पंगत उठायच्या आत पोचू. भांडी पडली असतील."

रितेश मागाहून म्हणाला, "अरेरे. पुढच्या वर्षी दे." हे त्याने भाताचा घास घेता घेता म्हटलं.

तो व्हिडिओ गावोगाव फिरला. महिला दिनाला आमच्या महिला मंडळाने सत्कार ठेवला. शाल-श्रीफळ मिळालं चंदाबाईंना, रूढी मोडणारी सासू म्हणून. रुचिकाचं भाषण झालं. भावना मागे चहाचे कप भरत होती. पडवीत आता धुलाईचं मशीन आलंय, सनीने भेट दिलं. फ्रिजवरचा कागद अजून आहे. त्यात रुचिकाने रविवारी दुपारी भावनाचा स्वतःचा वेळ म्हणून गुलाबी चौकोन आखलाय. त्या वेळात ती नणंदेच्या पोरांना भरवते.

परवा मी तिच्याकडे चाळणी आणायला गेले. भावना चुलीपुढे ओट्याला धरून वाकून उभी होती, चेहरा पांढराफटक. या वेळी खरंच आली होती, आणि पोटात कळा मारत होत्या. ती म्हणाली, "आई, आजच्या दिवस जरा बाहेर बसते."

चंदाबाई झोपाळ्यावर होत्या. सत्काराची शाल अंगावर होती, थंडी नव्हती तरी. अगदी मायेने म्हणाल्या, "नको गो बाय. आता आपल्यात तसलं काय न्हाय पाळत. लोक काय म्हनतील? भाकऱ्या टाक."